हवेचे वजन आणि शब्दाचे वजन

हवेला वजन असते, हे आपण शाळेच्या पुस्तकात वाचतो आणि परीक्षा आटोपली की विसरतो. वास्तविक ते विसरण्याजोगे नाही. तळहात उताणा करून समोर धरला, तर त्यावर उभ्या असलेल्या हवेच्या स्तंभाचा भार साधारण एक क्विंटल भरतो. बाजार समितीच्या काट्यावर ज्या मापाने शेतकऱ्याचे सोयाबीन मोजले जाते, तेवढे वजन आपण रात्रंदिवस एकेका हातावर वागवत असतो. ते जाणवत नाही, कारण तितकाच दाब हाताखालूनही वर येत असतो. मासोळीला पाण्याचा भार कळू नये, तसेच हे आहे.

हा भार प्रथम मोजला तो इटलीतील इव्हान्जेलिस्ता टॉरिचेली या गणितज्ञाने. पाऱ्याने भरलेली काचेची नळी पाऱ्याच्याच भांड्यात उलटी धरली, तर पारा सुमारे ७६ सेंटिमीटरवर थांबतो, आणि त्याला तेथे तोलून धरणारी शक्ती म्हणजे बाहेरच्या हवेचे वजन, हे त्याने ओळखले. ११ जून १६४४ रोजी त्याने रोममधील आपले मित्र मायकेलअँजेलो रिची यांना हा प्रयोग पत्राने कळवला. हेच रिची पुढे कार्डिनल झाले. आपण सारे हवेच्या एका महासागराच्या तळाशी राहतो, असा त्या पत्राचा आशय होता. चार वर्षांनी, १९ सप्टेंबर १६४८ रोजी, फ्रान्समध्ये ब्लेझ पास्कालच्या मेव्हण्याने अशी नळी पुय-द-दोम नावाच्या डोंगरावर नेली आणि शिखरावर पारा कित्येक सेंटिमीटरने खाली उतरलेला पाहिला. महासागराचा तळ सोडून वर चढावे, तसतसा डोक्यावरचा भार कमी होतो, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

आमचे वाशीम समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. म्हणजे त्या महासागराच्या तळापासून आम्ही थोडे वर राहतो. या साध्या गोष्टीची गंमत मला एका जुन्या वायुभारमापकाने दाखवली. जिल्ह्यातील एका शाळेत मी भूगोल शिकवीत असे. जवळच्या मिशनच्या बंगल्यात एका परदेशी फादरांनी मागे ठेवलेले, पितळी कडे असलेले हे यंत्र भिंतीवर टांगलेले होते. त्यात पारा नव्हता. १८४४ साली ल्युसियाँ विदी या फ्रेंच गृहस्थाने शोधून काढलेल्या पद्धतीप्रमाणे, हवा काढून घेतलेल्या धातूच्या एका डबीच्या आकुंचनावर त्याचा काटा फिरत असे. तबकडीवर इंग्रजी अक्षरांत 'वादळ', 'पाऊस', 'बदल', 'उघाड' असे शब्द कोरलेले होते. पण हे शब्द समुद्रकाठच्या गावांसाठी लिहिलेले. आमच्याकडे हवेचा दाब मुळातच समुद्रसपाटीपेक्षा सुमारे साठ हेक्टोपास्कलने कमी. त्यामुळे मागचा स्क्रू फिरवून काटा जुळवून घेतला नाही, तर तो बाराही महिने २८ इंचांच्या आसपास, म्हणजे 'वादळ' या शब्दावरच उभा राहतो. बाहेर माघातले स्वच्छ ऊन पडलेले असावे, आणि यंत्राने मात्र वादळाची द्वाही फिरवावी!

काटा जुळवून घेतल्यावर मुले आणि मी रोज दोनदा नोंद करू लागलो, सकाळी दहा वाजता आणि दुपारी चार वाजता. काही आठवड्यांतच मुलांच्या लक्षात आले की सकाळच्या मानाने दुपारी काटा तीन-चार हेक्टोपास्कलने उतरतोच, मग आकाश कसेही असो. उष्ण कटिबंधात समुद्राप्रमाणे हवेलाही भरती-ओहोटी असते. सूर्याच्या उष्णतेने वातावरणाच्या वरच्या थरांत उठणाऱ्या लाटांमुळे सकाळी व रात्री दहाच्या सुमारास हवेचा दाब चढतो, पहाटे व दुपारी चारच्या सुमारास उतरतो. दक्षिण अमेरिकेत प्रवास करताना अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांनी ही भरती-ओहोटी इतकी नियमित पाहिली की तिच्यावरून घड्याळाची वेळ सांगता यावी, असे त्यांना वाटले. याशिवाय वर्षाचीही एक मोठी लय असते. पौषात दाब सर्वांत अधिक. मग जमीन तापत जाते, हवा हलकी होत जाते, आणि ज्येष्ठ-आषाढात काटा दहा-बारा हेक्टोपास्कल खाली आलेला असतो. ही हलकी झालेली हवाच समुद्रावरच्या जड, ओलसर हवेला आत बोलावते. ज्याला आपण मान्सून म्हणतो, ते या बोलावण्याला आलेले उत्तर आहे.

शेजारचे एक शेतकरी अधूनमधून त्या यंत्रापाशी येऊन उभे राहत. एका मृगात त्यांनी मला विचारले, "सर, काटा खाली गेला म्हणता, मंग पेरू काय?"

मी म्हणालो, "भाऊ, हा काटा आत्ताचे वजन सांगतो. पुढच्या वीस दिवसांचा पाऊस तो सांगत नाही."

"मंग त्याचा फायदा काय?" एवढेच बोलून ते बैलांकडे वळले.

त्यांचा प्रश्न रास्त होता. बियाणे उधारीचे, खत उधारीचे. पहिल्या सरीवर पेरले आणि पावसाने ओढ दिली, तर दुबार पेरणी कपाळी येते, आणि कर्जाचा दुसरा फेरा सुरू होतो. ज्याच्या घराचे वर्ष त्या एका निर्णयावर तोललेले असते, त्याला काट्याच्या गमतीशी काय देणेघेणे? या प्रश्नाचे उत्तर मी पुष्कळ दिवस शोधत होतो. ते मला जमिनीवर मिळाले नाही, बेटांवर मिळाले.

बेट म्हटले की काही दूरचे, परके असे आपल्याला वाटते. पण आपली मुंबई हीदेखील मुळात बेटेच. तेथे कुलाब्याला १८२६ साली वेधशाळा उभी राहिली, आणि १८३२ साली 'दर्पण' काढून मराठी वृत्तपत्राचा पाया घालणारे बाळशास्त्री जांभेकर यांनी पुढे त्या वेधशाळेचे संचालकपदही सांभाळले. आकाशाची वार्ता आणि माणसांची वार्ता एकाच व्यक्तीच्या हाती यावी, हा योग मला फार अर्थपूर्ण वाटतो. कारण वायुभाराची सारी कथा शेवटी याच प्रश्नापाशी येते: ज्याने पाहिले त्याने सांगितले का, आणि ज्याला सांगितले त्याने ऐकले का?

उष्ण कटिबंधातल्या बेटावर हवेचा दाब ही जीवनमरणाची बाब असते. चहूकडे समुद्र, पळून जाण्यास जागा नाही, आणि चक्रीवादळ येते ते शेकडो मैल मोकळ्या पाण्यावरून. परंतु जेथे काटा रोज ठरल्या वेळी चढतो आणि ठरल्या वेळी उतरतो, तेथेच त्याचे लहानसे वेगळेपणही ओळखू येते. सकाळी दहाला चढावयाचा काटा चढला नाही, तर काहीतरी बिघडले आहे असे समजावे. मात्र हे वेगळेपण ओळखण्यासाठी नेहमीचे काय असते, हे आधी ठाऊक हवे. आणि ते ठाऊक होण्यासाठी कोणीतरी वर्षानुवर्षे, काही घडत नसतानाही, रोज नोंद करीत बसले पाहिजे.

असे बसणारे पहिले लोक बहुधा व्रतस्थ होते, हे आपल्या वाचकांना जाणून घ्यावेसे वाटेल. १८७० साली बेनितो विन्येस नावाचे एक येशूसंघीय फादर क्यूबातील हवाना येथे आले आणि बेलेन महाविद्यालयाच्या वेधशाळेचे प्रमुख झाले. पहाटेपासून रात्रीपर्यंत ते ठरावीक तासांना वायुभार, वारा, आणि विशेषतः उंचावरच्या पिसांसारख्या ढगांची दिशा टिपून ठेवीत. वादळ होऊन गेले की स्वतः त्या प्रदेशात जाऊन कोणती झाडे कोणत्या दिशेला पडली, हे पाहत. त्या अभ्यासाच्या बळावर ११ सप्टेंबर १८७५ रोजी त्यांनी वृत्तपत्रांतून येऊ घातलेल्या चक्रीवादळाचा इशारा दिला, आणि तो खरा ठरला. पुढे तारायंत्राने शेजारच्या बेटांवरून निरीक्षणे मागवण्याची व्यवस्था त्यांनी लावली. एक काटा फार थोडे सांगतो, पण दहा बेटांवरचे दहा काटे एकमेकांशी बोलू लागले की वादळाची वाट दिसू लागते. आमच्या शेजाऱ्यांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे. १८९३ च्या जुलैमध्ये फादर विन्येस वारले, ते चक्रीवादळांवरील आपला अखेरचा प्रबंध पूर्ण करूनच.

फिलिपाइन्समध्ये हेच कार्य येशूसंघीयांनी मनिला येथे १८६५ साली आरंभिले. तेथील फादर फेदेरिको फाउरा यांनी ७ जुलै १८७९ रोजी त्या बेटांवरील पहिला वादळाचा इशारा दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी दुसऱ्या वादळाची सूचना दिली; मनिलाच्या अधिकाऱ्यांनी ती मानून बंदरातली जहाजे बाहेर सोडली नाहीत, आणि त्या शहराची हानी मर्यादेत राहिली. १८८६ साली फाउरांनी एक वेगळाच वायुभारमापक तयार करविला. त्याच्या तबकडीवर युरोपातल्या हवेचे शब्द नव्हते. फिलिपाइन्सच्या समुद्रात वादळ किती जवळ आले आहे, हे साध्या खलाशाला कळेल अशा खुणा होत्या. ज्या भूमीवर राहायचे, तिच्या हवेची भाषा शिकून त्या भाषेत बोलायचे! आमच्या मिशनच्या भिंतीवरचे 'वादळ' आणि 'उघाड' आठवले, म्हणजे फाउरांच्या या कामाचे मोल मला अधिक वाटते.

परंतु पाहणारा जागा असला, तरी ऐकणाऱ्याने कान बंद केले तर काय होते, याचीही साक्ष एका बेटावरच मिळते. टेक्सासच्या किनाऱ्याला लागून गॅल्व्हस्टन नावाचे लांबट बेट आहे. त्याचा सर्वांत उंच भागही त्या काळी समुद्रापासून नऊ फुटांहून कमी होता. १९०० च्या सप्टेंबरच्या आरंभी क्यूबावरून एक वादळ पुढे सरकले. हवानात विन्येस यांच्या जागी आलेले फादर लोरेन्सो गांगोईते आणि त्यांचे सहकारी यांचे मत असे, की वादळ जोर धरत आहे आणि ते मेक्सिकोच्या आखातातून टेक्सासकडे जाईल. क्यूबा तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होते. स्थानिक वेधशाळा उगाच घबराट पसरवतात, या समजुतीने अमेरिकेच्या हवामान खात्याने हवानाहून हवामानाच्या तारा बाहेर जाण्यावर त्याच सुमारास बंदी आणविली होती. खात्याचा स्वतःचा अंदाज असा, की वादळ उत्तरेकडे वळून अटलांटिकमध्ये निघून जाईल. ते वळले नाही.

८ सप्टेंबरला, पवित्र मारियेच्या जन्मोत्सवाच्या दिवशी, समुद्र गॅल्व्हस्टनवर चढून आला. गावातील वायुभारमापक २८.४८ इंचांपर्यंत उतरला. वाचकांना नवल वाटेल, पण वाशीममध्ये स्वच्छ उन्हाच्या दिवशीही दाब याहून कमी असतो. आकडा तोच, एका जागी तो शांत दिवस असतो आणि दुसऱ्या जागी मृत्यू. दाब किती आहे यापेक्षा तो आपल्या नेहमीच्या जागेवरून किती घसरला, हेच महत्त्वाचे. त्या रात्री किमान सहा हजार माणसे दगावली.

किनाऱ्यावरच एक अनाथालय होते. देहधारी झालेल्या शब्दाचे नाव धारण करणाऱ्या सेवाव्रती भगिनी ते चालवीत. पाणी वाढू लागले तेव्हा त्यांनी मुलांना एकत्र करून 'लाटांची राणी' हे मारियेचे गीत म्हणावयास लावले, आणि कपडे वाळत घालण्याच्या दोरीने त्यांना आपल्या कमरेशी बांधून घेतले. दहा भगिनी आणि नव्वद मुले बुडाली. तीन मुले मात्र वाहत्या झाडाला धरून वाचली. त्या संघाच्या भगिनी आजही ८ सप्टेंबरला ते गीत गातात. आपण ज्या दिवशी मारियेच्या चरणी नवधान्य आणि फुले वाहतो, त्या दिवशी जगाच्या दुसऱ्या टोकाला हे स्मरण चाललेले असते.

त्या भगिनींच्या श्रद्धेपुढे मी नतमस्तक होतो. पण माझ्या मनात एक प्रश्न राहतोच. श्रद्धा त्यांच्याजवळ होती, ज्ञान हवानात होते. या दोहोंच्या मध्ये कोणीतरी दार लावून घेतले. परमेश्वराने इशारा दिला नाही असे आपण म्हणू शकत नाही. इशारा होता, तो ओळखणारे जागे होते. तो पोहोचू दिला गेला नाही.

आपल्या देशाचा अनुभव याच धड्याची दुसरी बाजू दाखवतो. १८६४ साली कलकत्त्यावर आलेल्या भीषण चक्रीवादळानंतर आणि लागोपाठ पाऊस हुकल्यानंतर १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले. म्हणजे ज्या वर्षी विन्येस यांनी आपला पहिला इशारा दिला, त्याच वर्षी. १९२८ मध्ये त्याचे मुख्यालय पुण्यात आले आणि 'सिमला ऑफिस' हे नाव मराठी माणसाच्या तोंडी बसले. वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी, हा विनोदही त्याबरोबर रुजला. पण ओडिशाकडे पाहा. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे जवळपास दहा हजार माणसे गेली. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी 'फायलिन' हे अतितीव्र वादळ त्याच किनाऱ्यावर आले, तेव्हा मृतांची संख्या पन्नासहून कमी होती. मधल्या काळात उपग्रह व यंत्रे सुधारली हे खरेच. पण त्याहून मोठी गोष्ट ही, की सांगितलेले ऐकून सुमारे दहा लाख माणसे घरे सोडून सुरक्षित जागी गेली. मॉरिशसमध्ये, जेथे कोकणातून करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज राहतात, तेथे वादळाच्या सूचनांच्या चार पायऱ्या ठरलेल्या आहेत, आणि कोणत्या पायरीला काय करायचे हे घरातले लहान मूलही जाणते. आपल्या वसई-उत्तनच्या दर्यावर्दी बांधवांनाही तीन नंबरचा बावटा लागला म्हणजे काय, हे वेगळे शिकवावे लागत नाही. शब्दाला वजन येते ते असे. एका दिवसात नव्हे, वर्षानुवर्षांच्या सवयीने.

वाशीमला समुद्र नाही, बावटाही नाही. तरी बंगालच्या उपसागरावर तयार होणारे कमी दाबाचे पट्टे ओडिशा-छत्तीसगड ओलांडून आमच्याच विदर्भावरून पश्चिमेकडे जातात, आणि आमचा बहुतेक चांगला पाऊस त्यांच्या पाठीवर येतो. ते आले नाहीत तर उघडीप लांबते. त्या अर्थाने आमच्या शेताचे भवितव्य दूरच्या समुद्रावरील काट्याला बांधलेले आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्यात झालेली गारपीट अनेकांना आठवत असेल. काढणीला आलेला गहू-हरभरा उभ्याचा आडवा झाला होता. वीज पडून शेतात माणसे दगावण्याचे प्रसंग तर दरवर्षी कानांवर येतात. आज पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने काढलेले 'दामिनी' हे ॲप विजेची पूर्वसूचना मोबाइलवर देते. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, असे कृषी विद्यापीठे दरवर्षी सांगतात. सांगणारे आहेत. पण ज्याच्या हाती साधा फोन आहे, ज्या आजीबाई एकट्या निंदणीला जातात, त्यांच्यापर्यंत ते कोण नेणार?

अमरावती धर्मप्रांत १९५५ साली स्थापन झाला. त्यातल्या आमच्या भागात कॅथलिक घरे मोजकीच, आणि तीही दूरदूरच्या गावांत. आठवड्यात सारे एकत्र येतात ते रविवारच्या मिस्सेला. म्हणून मी सुचवले, की पावसाळ्याच्या चार महिन्यांत मिस्सेनंतरच्या सूचनांमध्ये त्या आठवड्याचा हवामानाचा अंदाज दोन वाक्यांत वाचून दाखवावा. यावर थोडी कुजबूज झाली. वेदीसमोर पावसापाण्याच्या गोष्टी कशाला, असे एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारले. अंदाज चुकला तर लोक चर्चला हसतील, असे दुसरे म्हणाले.

दोन्ही शंका मी मनापासून ऐकल्या. पहिलीचे उत्तर शुभवर्तमानातच आहे. पश्चिमेला ढग उठला की पाऊस येतो आणि दक्षिणेचा वारा सुटला की उकाडा होतो, हे लोकांना कळते, याची प्रभू येशूला चांगली जाण होती. त्याचा रोष आकाश वाचण्यावर नव्हता. एवढे वाचता येऊनही जे अधिक महत्त्वाचे ते न वाचण्यावर होता. शेजाऱ्याच्या जिवावरचे संकट वाचणे, हे त्या अधिक महत्त्वाच्या गोष्टींपैकीच नव्हे काय? दुसरी शंका अधिक खरी आहे. अंदाज चुकतात, पुढेही चुकतील. म्हणून तो 'नक्की' म्हणून नव्हे, तर 'शक्यता' म्हणून, आणि कोणी केव्हा दिला हे सांगून वाचावा. जे ठाऊक नाही ते ठाऊक आहे असे भासवायचे नाही, आणि जे ठाऊक आहे ते दडवून ठेवायचे नाही, एवढे प्रामाणिकपण पाळले तर हसणाऱ्यांनाही विश्वास ठेवावासा वाटतो.

आता जूनपासून सप्टेंबरपर्यंत दर रविवारी एक शाळकरी मुलगी तो अंदाज वाचते. आधी फादर लग्नाच्या घोषणा करतात, आजाऱ्यांची नावे सांगतात, आणि मग ती उठते. मंगळवारनंतर विजांसह पावसाची शक्यता आहे, दुपारी कोणी झाडाखाली थांबू नये, शेजारच्यांनाही सांगावे, असे काहीतरी ती वाचते आणि खाली बसते. चर्चच्या पायऱ्या उतरताना मंडळी एकमेकांना विचारतात, "काय म्हणाली ती? मंगळवार?" आणि ज्यांना नीट ऐकू आले नाही, त्यांना ज्यांनी ऐकले ते पुन्हा सांगतात.